न धरणारी खुंटी

दुकानात पाटी आहे, वडिलांच्या हातची:
घाई असल्यास दुसरीकडे जावे.
तिला मराठी वाचता येईना;
हणमंताने इंग्रजीत सांगितली, जरा लाजत.
ती हसली, आणि गाठोड्याचा काठ माझ्यापुढे धरला.
कापडावरच छापलेली ओळ होती:
हराका हराका, हाइना बराका.
घाईघाईत बरकत नाही.
बसा, म्हटलं. आपलं जमेल.

नाव म्वानाइदी. हणमंताने वहीत लिहिलं: आयडी.
राहणार कोंढवा, फार्मसीचं शेवटचं वर्ष.
मूळचं बेट, जिथे रस्त्याकडेला चटयांवर लवंग वाळते
आणि रात्री क्लबात तारब चालतं.

गाठोड्यात आडवी पेटी, एक बाजू तिरकी कापलेली,
आमच्या स्वरमंडलाची थोरली, श्रीमंत बहीण.
तिकडे हिला कानुनी म्हणतात.
तारा अठ्ठ्याहत्तर, तीन-तीनच्या जुडीने.
मोजल्या. एकसष्ट उरल्या होत्या.
घोडीखालचं माशाचं कातडं फाटलेलं.
मासा कुठून आणू, म्हटलं, बकरी चालेल?
तिने तिथूनच फोन लावला समुद्रापलीकडे.
कुणीतरी म्हातारं खोकलं, बराच वेळ.
बाबा म्हणतात चालेल,
फक्त आधी तिला समुद्र दाखवा.
मुठा चालेल का, मी विचारलं.

त्या बोलण्यातले तीनच शब्द मला कळले होते:
दुका, चाय, बाबा.
बाकीचे तिने नंतर शिकवले.
तिकडे मामा म्हणजे आई,
दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ.
सगळी नाती पत्त्यांसारखी पिसलेली,
बाबा तेवढा बाबाच.

बाबा वाजवायचे तेव्हा
बायका अत्तर लावून यायच्या,
ओळ लागली की उठायच्या,
नोट उंच धरून, संथ डुलत, गाणारीपर्यंत.
आणि जिच्यावर टोमणा असायचा
ती खुर्चीतच बसून राहायची, पंखा हलवत.
माझे वडील बैठकीच्या पेट्या लावायला जायचे.
दौलतजादा म्हणजे काय
हे घरी कुणी सांगितलं नव्हतं,
खिशातल्या वासावरून कळलं.

मग कीबोर्ड आला, ती म्हणाली.
हो, मी म्हणालो.
मागच्या फळीवर अकरा पेट्या आहेत, कुणी न नेलेल्या.

आषाढात शेजारच्या शाळेच्या मैदानावर
पथकाचा सराव सुरू झाला.
ताशा सुटला तशी ती ताडकन उठली:
सिंगेली!
भाऊ हेच करतो, दारेसलाममध्ये, लॅपटॉपवर.
इतकं जलद, की म्हणणाऱ्याला श्वास उधार आणावा लागतो.
बाबा त्याला गाणं म्हणत नाहीत.
दोन वर्षं बोलणं नाही.
ऐका, म्हणाली.

ऐकलं.
पत्र्यावर गारा. माणूस भांडतोय की नाचतोय कळेना.
हणमंताचा पाय मात्र केव्हाच लागला होता.
आणि मध्येच, ढोलांच्या फटीतून,
चिमटीत पकडून ओढल्यासारखी एक तार,
तुकडा, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा.
मधली जरा उतरलेली.

मी गाण्यातला माणूस नाही, खुंट्यांतला आहे.
डावीकडून सातवी जुडी, मधली खुंटी.
नऊ दिवस तिला खडू लावतोय,
रात्री बसवावी, सकाळी अर्ध्या श्रुतीने खाली.
ही तीच.
पोराने बापाची जुनी कॅसेट कापून
या गारांच्या पोटात ठेवली होती.

तिला दाखवलं. आधी फोन, मग खुंटी.
तिने ती तार छेडली, एकदा, नखी न घालता.
बाहेर जाऊन कट्ट्यावर उभी राहिली.
ताशात काही ऐकू येईना,
नुसता हात हलताना दिसत होता,
आणि तोंडात पुन्हा पुन्हा एकच: काका. काका.

बाकी काम झालं आहे. कातडं बसलं, तारा भरल्या.
ती खुंटी तशीच आहे.
हणमंत रोज विचारतो, पक्की करायची ना?
मी वर पाटीकडे बोट दाखवतो.